आणलेल्या कळा

आपोआप आलेल्या कळा आणि औषधाने आणलेल्या कळा यांच्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने जो भेद असेल तो असो. परंतु जबाबदारीच्या दृष्टीने त्यांच्यात एक फार मोठा भेद आहे, आणि त्याची दखल आपल्या समाजाने, वैद्यकव्यवसायाने, किंबहुना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीसुद्धा अजून पुरतेपणी घेतलेली नाही, असे माझे मत आहे. आपोआप सुरू झालेली प्रसूती लांबली तर तिचा बोल निसर्गाला, दैवाला, फार तर सटवाईला लावून माणूस मोकळा होत असे. त्या लांबणीला कर्ता नव्हता, म्हणून तिचा जाब विचारावा असेही कोणी नव्हते. आणलेल्या कळांचे तसे नाही. तेथे अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक कारणासाठी आरंभ करावा असा निर्णय एका जाणत्या माणसाने घेतलेला असतो, तो केसपेपरावर नोंदलेला असतो आणि त्याखाली सही असते. ज्या गोष्टीचा आरंभ माणसाच्या हुकुमाने झाला, तिच्या लांबीचा हिशेबही माणसानेच दिला पाहिजे, आणि ज्या बाईच्या देहावर तो हुकूम बजावला गेला तिला तो सर्वांच्या आधी दिला पाहिजे.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर बाळंतपणाची गोष्ट पडली नाही असा आठवडा क्वचितच जातो. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय येथेच आहे, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालयही येथेच आहे. जवळच वल्लभनगरचे एस.टी. स्थानक, जेथून दिवस भरत आलेल्या लेकीसुना माहेरच्या गाडीत बसतात किंवा गावाहून त्यांच्या आया बोचकी सांभाळीत उतरतात; आणि १९५४ साली पेनिसिलिन तयार करण्यासाठी स्थापन झालेला सरकारी कारखाना हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, ज्याला येथील आबालवृद्ध नुसते 'एच.ए.' म्हणतात, तोही हाकेच्या अंतरावर. या पट्ट्यातले संसार पाळ्यांच्या घड्याळावर चालतात. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी यांचे गणित घरातल्या लहान पोरालाही पाठ असते, आणि चाकणच्या कंत्राटी कामगाराचा एक खाडा पडला की रोजाबरोबर हजेरीचा भत्ताही बुडतो. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले, ही गोष्ट तर आता जुनी झाली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव प्रसूती संस्थांमध्ये होतात, आणि चतुर्थांश प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. त्याआधीच्या पाहणीत शस्त्रक्रियेचे हे प्रमाण पाचवा हिस्सा होते. म्हणजे सुईण, चुलीवरचे पाणी आणि मागल्या खोलीतला अंधार यांच्याविषयी हळहळण्याचे किंवा त्यांचा धिक्कार करण्याचे दिवस संपले असून, प्रसूतिगृहाच्या दाराआड काय घडते, याचा विचार करण्याचे दिवस आले आहेत.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कळा आणण्याच्या उपायाला माझा विरोध नाही. नऊ महिने नऊ दिवस हे आपल्या आज्यांचे गणित आणि शेवटच्या पाळीपासून २८० दिवस हे नेगेले नामक जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालणारे गणित, ही दोन्ही जवळजवळ एकाच मुक्कामाला पोहोचतात. परंतु ही मुदत उलटल्यानंतर गर्भाला वारेकडून होणारा पुरवठा मंदावू लागतो आणि मूल पोटातच दगावण्याचा धोका हळूहळू वाढत जातो, म्हणून एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईचा रक्तदाब चढला, पाणमोट फुटून तास उलटले तरी कळा नाहीत, किंवा बाळाची वाढ खुंटली, तर थांबून राहण्यात शहाणपण नाही. अशा प्रसंगी निसर्गाला त्याच्या मर्जीवर सोडून किती बायका आणि किती मुले आपण गमावली याचा जमाखर्च जुन्या काळी कोणी ठेवलेला नाही इतकेच. कळा आणल्या म्हणजे पोट फाडणे ओघानेच आले, हा समजही सरसकट खरा नाही. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक निर्धोक पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण १८.६ टक्के आणि वाट पाहिलेल्यांमध्ये २२.२ टक्के निघाले. तेथील प्रसूतिगृहांतले मनुष्यबळ आणि आपल्याकडले मनुष्यबळ यांत अंतर आहे, हे विसरून या आकड्यांवरून आपल्याकडे निर्णय घेऊ नयेत. पण उपायाची निंदा करण्यापूर्वी ते ठाऊक असावेत.

आता ज्या अनुभवाने हा विचार माझ्या मनात पक्का केला तो सांगतो. आमच्या इमारतीतली एक सून पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे मराठवाड्यात माहेरी गेली होती. तारीख उलटली, सोनोग्राफीत पाणी कमी दिसले, म्हणून तिला तालुक्याच्या गावी एका खाजगी प्रसूतिगृहात संध्याकाळी दाखल केले. त्या प्रसूतिगृहाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण जे तेथे घडले ते कोठेही घडते. रात्री कळा आणण्यासाठी जेल लावले. पोटात दुखू लागले तेव्हा तिला वाटले, आता तासा-दोन तासांचा प्रश्न आहे. आई बाहेरच्या बाकावर देवाचे नाव घेत बसली. सकाळी तपासणी झाली आणि सिस्टर म्हणाली, "एकच बोट उघडलंय." पुन्हा जेल. सिझर लागले तर पोट रिकामे हवे म्हणून आदल्या रात्रीपासूनच जेवण बंद, पाणीही घोटभर. पाळी बदलली, नवी सिस्टर आली, तिने नाव, वय, कितवी खेप हे सारे पुन्हा विचारले. दुपारनंतर पाणमोट फोडून सलाईन लावले, आणि त्या नळीतून पडणारा एकेक थेंब मनगटी घड्याळावर मोजून सिस्टर चक्री किंचित सैल करी, निघून जाई, पुन्हा येऊन पुन्हा सैल करी. प्रत्येक खेपेनंतर कळ अधिक जवळ आणि अधिक कठीण होत गेली. कोणी म्हणे जोर लाव, कोणी म्हणे आत्ताच नको. नवरा चाकणहून एका दिवसाची रजा काढून रातोरात आला होता; "अजून वेळ आहे" एवढेच उत्तर मिळाल्यावर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत फिरला, आणि तो पाळीला हजर होण्यापूर्वी पहाटेच मुलगा झाला. आई आणि बाळ दोघेही सुखरूप. सव्वा महिन्यानंतर कधीतरी ती परत आली, तेव्हा माझ्या पत्नीजवळ बोलताना तिने रुग्णालयाची तक्रार केली नाही, कळांचे वर्णनही केले नाही. ती म्हणाली, "दुखण्याचं काय काकू, ते सगळ्यांनाच असतं. पण हे उद्या रात्रीपर्यंत चालायचंय, एवढं कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी दम पुरवून वापरला असता. मी तो सगळा पहिल्या रात्रीच संपवून बसले."

या तक्रारीचे स्वरूप नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. तिला वेदना नाकारायची नव्हती, औषध नाकारायचे नव्हते, डॉक्टरांच्या निर्णयाबद्दल शंकाही नव्हती. तिला मुदत हवी होती. आणि नेमकी तीच गोष्ट अशी आहे की जी प्रसूतिगृहातल्या मावशीपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना ठाऊक असते आणि फक्त खाटेवरच्या बाईला ठाऊक नसते. गर्भाशयाचे मुख जर अजून लांब, घट्ट आणि मागे वळलेले असेल, तर कळा आणण्यापूर्वी ते मऊ करावे लागते. हे मुख कितपत तयार आहे हे अंकांत मांडण्याची रीत एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली घालून दिली, आणि त्यावरून लागणाऱ्या वेळाचा अंदाज पहिल्या तपासणीतच बांधता येतो. जेलचा परिणाम पाहण्यास सहा तास, त्यानंतर गरज पडल्यास पुन्हा जेल आणि पुन्हा सहा तास. काही ठिकाणी जेलऐवजी फुगा घालतात, तो रात्रभर राहू शकतो. मग पाणमोट फोडणे. मग ऑक्सिटोसिनचे थेंब, तेही साधारणतः अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवीत न्यायचे, कारण घाई केली तर गर्भाशय दोन कळांमध्ये सैल पडत नाही आणि बाळाचे ठोके उतरतात. पहिलटकरणीच्या बाबतीत हे सारे दीड-दोन दिवस चालणे हा अपघात नाही, तो नियमात बसणारा प्रकार आहे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली असे सांगितले की पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर किमान बारा ते अठरा तास गेल्याखेरीज, आई व बाळ ठीक असताना, 'कळा आणण्याचा प्रयत्न फसला' असा शेरा मारून शस्त्रक्रियेकडे वळू नये.

तेव्हा लांबण हे पुष्कळदा हलगर्जीपणाचे लक्षण नसते, ते सावधगिरीचे असते. आणि येथेच या प्रश्नातली खरी विसंगती आहे. डॉक्टर ज्या संयमाने सुरी दूर ठेवीत असतो, त्याच संयमाचा बाईला आणि तिच्या नातलगांना उपेक्षा म्हणून अनुभव येतो. आतली बाई रडून "एकदाचं सिझर करून टाका" म्हणते, बाहेर मामा किंवा दीर "किती त्रास द्यायचा माणसाने?" म्हणून आवाज चढवतो, आणि ज्या शस्त्रक्रियेची गरज नव्हती ती घडून येते. मग तीच मंडळी पुढे वर्षभर डॉक्टरांनी पैशांसाठी पोट फाडले म्हणून सांगत फिरतात. डॉक्टरांचा लोभ हे शस्त्रक्रिया वाढण्याचे एक कारण असेलही. परंतु न सांगितलेली मुदत हे दुसरे कारण आहे, आणि ते दूर करायला दमडीचा खर्च नाही.

हा वाद आपल्या परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराचे जे वर्णन आहे त्यात एक प्रसंग असा येतो की, वेणा चालू आहेत पण प्रसूती होत नाही, अशा वेळी काय करावे. काहींचे मत असे की त्या स्त्रीला उठवावे, हाती मुसळ द्यावे, धान्याने भरलेल्या उखळात तिच्याकडून कांडून घ्यावे आणि मधूनमधून तिने जांभया द्याव्यात व चालावे. भगवान आत्रेय हे मत खोडून काढतात. गर्भिणीला कठोर श्रम सर्वकाळ वर्ज्य, मग प्रसवाच्या क्षणी, जेव्हा तिचे सारे धातू व दोष ढवळून निघालेले असतात आणि देह अत्यंत सुकुमार झालेला असतो, तेव्हा मुसळाच्या श्रमाने खवळलेला वायू तिचा प्राण घेईल. म्हणून मुसळ नको, जांभई आणि चालणे मात्र असू द्यावे. कळ आलेली नसताना जोर लावणे व्यर्थ आहे आणि बाळाला अपायकारक आहे, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. त्या उपचारांची आजच्या वैद्यकाशी बरोबरी करण्याचा खटाटोप मी करणार नाही. 'आमच्याकडे सारे होतेच' असे म्हणणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. बळाने वेग आणायचा की नाही हा निर्णय ग्रंथकाराने वादपक्ष मांडून, कारणे देऊन केला. आणि त्या स्त्रीभोवती कोणी असावे तर ज्यांनी अनेकदा प्रसव अनुभवला आहे, ज्या प्रेमळ, दक्ष, आनंदी आणि क्लेश सोसणाऱ्या आहेत अशा स्त्रिया असाव्यात, हे औषधांच्या यादीला जोडूनच लिहून ठेवले. औषध आणि सोबत ही दोन्ही त्याच्या लेखी उपचाराचीच अंगे होती.

अशा ग्रंथांचा धांडोळा ज्या पहिल्या मराठी स्त्रीने आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थिनीच्या नजरेने घेतला ती डॉ. आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ साली पदवीसाठी तिने सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी ती स्वतः बाळंत झाली होती आणि तिचे मूल दहा दिवसांत गेले होते. त्या दुःखातूनच तिने वैद्यकाची वाट धरली, हे आपण शाळेत वाचतो. पण तिच्याविषयी लिहिताना आपण सारे तिचा समुद्रप्रवास, तिची साडी, तिचा क्षय आणि १८८७ मधील तिचा अकाली अंत यांवर पाने खर्ची घालतो. ती चौदा वर्षांची पोर त्या प्रसूतीत काय भोगून उठली, हे आपल्याला विचारावेसे वाटत नाही. मराठी वाङ्मयात बाळंतपणाला डोहाळे आहेत, बारसे आहे, पाळणे आहेत. या दोन टोकांमधला काळ मात्र बहुधा 'ती बाळंत झाली' या तीन शब्दांत उरकलेला असतो. ओव्यांनी काही बोलून ठेवले आहे, तेही जात्याच्या आडोशाने.

विसाव्या शतकाने कळा आणण्याच्या कामी जे औषध दिले त्याचा इतिहास विलक्षण वेगवान आहे. मस्तिष्कातील पीयूष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे हेन्री डेल याने १९०६ साली पाहिले. तीनच वर्षांत तो अर्क प्रसूतिगृहात पोहोचला, आणि त्याची मात्रा काबूत ठेवता येत नसल्यामुळे त्याने अनर्थही केले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो याने ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश मिळवले आणि दोन वर्षांनी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ साली युगांडातील कंपाला येथे सुलतान करीम यांनी प्रोस्टाग्लँडिनने कळा आणून दाखवल्या, आणि आजचे जेल त्याच कुळातले. आता शुद्ध, मोजून देता येणारे, नळी बंद केल्यावर थोड्याच मिनिटांत ओसरणारे औषध हाती आले, आणि औषधाबरोबर घड्याळही आले. डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये किएरन ओ'ड्रिस्कॉल यांनी १९६९ पासून लांबलेल्या प्रसूतीला आळा घालण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे नाव जगभर झाले: आपोआप सुरू झालेल्या कळा मंदावल्या तर पाणमोट फोडावी, ऑक्सिटोसिन द्यावे, आणि कोणतीही पहिलटकरीण बारा तासांहून अधिक काळ अडकून राहू नये. परंतु त्याच पद्धतीत एक दुसरे वचन होते. प्रत्येक स्त्रीजवळ आरंभापासून अखेरपर्यंत एक परिचारिका, तिची स्वतःची म्हणून, बसेल. त्या पद्धतीमागून जाणाऱ्या असंख्य रुग्णालयांनी घड्याळ घेतले आणि परिचारिका डब्लिनलाच राहू दिली. पुढे त्या पद्धतीचे तुकडे वेगळे करून तपासण्यात आले, तेव्हा जो तुकडा सर्वांत निर्विवादपणे उपयोगी ठरला तो मागे राहिलेलाच होता: सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती काहीशी लवकर होते, शस्त्रक्रिया कमी लागते आणि त्या अनुभवाविषयी त्यांच्या मनात कडवटपणा कमी राहतो, असा निष्कर्ष सतरा देशांतील सव्वीस चाचण्या एकत्र करून २०१७ साली निघाला.

आपल्या देशात ऑक्सिटोसिनचे आणखी एक विपरीत घडले. स्वस्त आणि सहज मिळणारे म्हणून ते गावोगावच्या परवाना नसलेल्या वैद्यांच्या पिशवीत गेले, आणि थेंबाथेंबाने शिरेत द्यायचे औषध कळा जलद याव्यात म्हणून दंडात टोचले जाऊ लागले. गोठ्यातल्या म्हशीला पान्हा फुटावा म्हणूनही तेच. गोठ्यातल्या दुरुपयोगाला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना देशासाठी ते तयार करण्यास मनाई केली आणि सारा मक्ता एका सरकारी कंपनीकडे द्यावयाचे ठरवले. ती कंपनी म्हणजे आमच्या एच.ए.ने १९८१ साली कर्नाटक सरकारच्या महामंडळाबरोबर भागीदारीत काढलेली कर्नाटक अँटिबायोटिक्स. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणाऱ्या या प्राणरक्षक औषधाचा तुटवडा पडेल, या कारणासह ती मनाई डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. हे औषध कोणी तयार करावे आणि कोणी विकावे, यावर एवढी कागदपत्रे झाली, वकील उभे राहिले, निकाल लागले. ते औषध चालू असताना बाईजवळ कोणी बसावे, हा मुद्दा मात्र कोणाच्या दरखास्तीत नव्हता.

बाईला मुदत सांगावी, यावर डॉक्टरमंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. सरकारी वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात हे ज्याने पाहिले आहे तो तिला प्रत्येक बाईशी निवांत बोलण्याचा उपदेश करणार नाही. परंतु मुदत सांगण्यास निवांतपणा लागत नाही. "बाई, हे औषध आज रात्री पिशवीचं तोंड मऊ करण्यासाठी आहे. दुखेल, पण ही खरी बाळंतपणाची कळ नव्हे. झोप येईल तेवढी घे, हलकं खाऊन घे. उद्या दुपारी सलाईन लावू, आणि रात्र होऊ शकते, परवाही उजाडू शकतो," हे म्हणायला एक मिनिट पुरते. निर्धोक प्रसूतीत बाईला पाणी व हलके अन्न देण्यास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही, उलट शिफारस आहे. भुकेल्या पोटी दोन रात्री काढायला लावणे ही बऱ्याच ठिकाणी केवळ पडलेली वहिवाट आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरांतला आहे. मूल हाती आले की बाई सारे विसरते, असे सांगणाऱ्या बहुधा अशाच आज्या असतात ज्या पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या बाळंतपणातला दिवा कोठे होता तेही सांगू शकतात. पेनी सिम्किन या अमेरिकन प्रसूतिशिक्षिकेने १९९१ साली वीस स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा ते वीस वर्षांनी तपासल्या. त्या तपशिलासकट शाबूत होत्या, आणि समाधान किंवा असमाधान ठरत होते ते वेदनेच्या तीव्रतेवरून नव्हे, तर आपल्याशी कोण कसे वागले आणि आपल्या हाती काय होते यावरून. वीस ही संख्या लहान आहे हे खरे. पण आपल्या घरातल्या वीस बायकांना विचारून पाहण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही. 'आई-बाळ सुखरूप' या शब्दांनी आपण जो हिशेब मिटवतो तो बाळाच्या बाजूने पूर्ण असतो. आईच्या बाजूने तो प्राणापुरता असतो.

संमतीपत्राचा प्रकार तर विशेष चिंतनीय आहे. छापील कागद, बारीक अक्षर, बहुधा इंग्रजी; आणि सही कोणाची, तर बाहेर बसलेल्या बापाची किंवा नवऱ्याची, कारण 'ती आत आहे'. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात स्पष्ट केले आहे की सज्ञान व समर्थ रुग्णाच्या वतीने, प्राणावर बेतले नसताना, तिच्या आईने दिलेली संमती ही संमती होत नाही. त्या खटल्यातली स्त्री भूल दिलेल्या अवस्थेत होती. कळा आणायला दाखल केलेली बाई तर संध्याकाळी चालत, बोलत, हातात पिशवी घेऊन आलेली असते. तिला विचारायला सवड नव्हती असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपोआप कळा येऊन धावतपळत आलेल्या बाईच्या बाबतीत ही सबब चालेल. आणलेल्या कळांच्या बाबतीत विचारायला अख्खी संध्याकाळ असते.

दप्तराचा धाक मानणाऱ्या आपल्या देशात दप्तरातूनच सुधारणा येईल अशी मला थोडी आशा आहे. पूर्वी प्रसूतीची प्रगती ज्या आलेखावर काढीत, त्यात गर्भाशयमुख दर तासाला एक सेंटिमीटर उघडले पाहिजे अशी रेघ असे, आणि बाईची रेघ तिच्या उजवीकडे गेली की धावपळ सुरू होई. ही एक सेंटिमीटरची अट सर्वांना सारखी लावणे योग्य नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले, आणि २०२० साली जो नवा तक्ता दिला त्यात ठोके, कळा, थेंब यांच्या जोडीला वेगळे रकाने आहेत: सोबतीला कोणी आहे काय, वेदनाशमनासाठी काय दिले, तोंडाने पाणी दिले काय, बाई कोणत्या स्थितीत आहे, आणि शेवटी, पुढचा निर्णय तिच्याशी बोलून घेतला काय. दर तासाला हे भरायचे आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत राहू देण्याची सूचना काढली, आणि २०१७ च्या अखेरीस 'लक्ष्य' नावाच्या कार्यक्रमात प्रसूतिकक्षांच्या दर्जाबरोबर सन्मानाने वागवण्याचाही समावेश केला.

सूचना निघाली, अंमल मात्र अनेक ठिकाणी एका क्षुल्लक अडचणीपाशी अडतो. लेबर रूममध्ये खाटेला लागून खाट असते आणि मध्ये पडदा नसतो. मग एकीची आई आत घेतली तर दुसरीची अब्रू जाते, म्हणून कोणाचीच आई आत घ्यायची नाही, असा तोडगा निघतो. कारणाला अर्थ आहे, तोडग्याला नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा अर्थसंकल्प हजारो कोटी रुपयांचा असतो आणि त्यात दुभाजकांवरच्या शोभेच्या झाडांसाठीही तरतूद असते. छतालगतची सळई, तिच्यावरची कडी आणि धुता येणारे जाड सुती कापड, एवढ्याची दरखास्त प्रसूतिविभागाकडून स्थायी समितीपुढे जायला नगरसेवकाची शिफारससुद्धा लागू नये.